पेटी भरण्यापूर्वी

गेल्या ऑक्टोबर महिन्यातील एका शनिवारी सायंकाळची जपमाळ आटोपून मी मंदिराचे दार लावीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली आपल्या थोरल्या मुलासह पायऱ्या चढून आली. मुलगा अकरा वर्षे कुवेतमध्ये नोकरीस होता. आता त्यास ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना मिळाला असून, बायकोमुलांसह मेलबर्न येथे बिऱ्हाड थाटण्यापूर्वी महिनाभर तो गावी आला होता. कुवेतमधील सामान तिकडूनच परस्पर रवाना झाले होते. परंतु घरची म्हणून एक पेटी गावाहून जावी, अशी माउलीची फार इच्छा. "फादर, सोमवारी ट्रक यायचा आहे. उद्या मिस्सा झाल्यावर घरी या आणि पेटीवर पवित्र पाणी शिंपडा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ओटीवर माझ्या छातीएवढी उंच पेटी उभी होती. गावच्याच सुताराने आंब्याच्या फळ्यांची ठोकलेली. दोनतीन फळ्यांच्या कडेला झाडाची सालही तशीच राहिलेली. मी सहज विचारले, "यादी कोठे आहे?" मुलगा हसला. "यादी कसली, फादर? आईने भरली आणि मी खिळे ठोकले. सामान नेणाऱ्या दलालाने सांगितले आहे, 'जुने घरसामान' एवढे दोन शब्द लिहिले की पुरे."

आशीर्वाद देण्यास माझी ना नव्हती. परंतु आधी खिळे काढावयास लावले. ती सारी दुपार मी त्या ओटीवर काढली. तेथे जे बोलणे झाले तेच आज येथे लिहीत आहे. कारण ज्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी आखातात, लंडनला, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही असे घर आपल्या खेड्यांत आता शोधावेच लागेल, आणि सामानाची पेटी आज ना उद्या प्रत्येकाच्या ओटीवर येणार आहे.

प्रथम त्या पेटीचीच गोष्ट. कच्च्या लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाते. यास्तव परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्यांविषयी राष्ट्रा-राष्ट्रांनी मिळून एक नियम ठरविला आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसची उष्णता सलग ३० मिनिटे पोचली पाहिजे, किंवा त्यास ठरावीक धुरी दिलेली पाहिजे. आणि तसे केल्याची खूण म्हणून गव्हाच्या ओंबीचे चित्र असलेला शिक्का त्या लाकडावर उमटविलेला पाहिजे. साल काढलेली असणे तर सर्वांच्या आधी. आमच्या सुताराच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, परंतु त्याच्यापाशी तो शिक्का नाही. अशी पेटी मेलबर्नच्या बंदरात उतरली असती, तर आतील सामान पाहण्यापूर्वी पेटीवरूनच खोळंबा झाला असता. प्लायवुडच्या पेटीस हा नियम लागू नाही, कारण ते मुळात उष्णता व दाब देऊनच तयार होते. तेव्हा कच्च्या फळ्यांऐवजी प्लायवुड अथवा जाड पुठ्ठ्याची खोकी, हा सरळ मार्ग होय.

मग एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. वरच होते शेतातल्या तांदळाचे गाठोडे, त्याखाली तुरीची डाळ, जिरे आणि धने. माउलीचा चेहरा उतरला, परंतु ते सारे बाजूस ठेवावे लागले. धान्याच्या कणगीत राहणारा खपरा भुंगेरा आपल्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. त्याची अळी अन्नावाचूनही दीर्घकाळ फटीत दबून राहते. ऑस्ट्रेलिया गहू पिकवून जगास विकणारा देश. तो या किड्यास चोरापेक्षाही अधिक भितो. २०२० साली बाहेरून आलेल्या मालात तो तेथे सापडला, आणि त्याच वर्षापासून मागाहून पाठविल्या जाणाऱ्या घरसामानात तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, तूर, जिरे, धने अशा पदार्थांस तेथे मनाई झाली. मेलबर्नच्या दुकानांत तांदूळ व डाळ मिळतात. आईच्या शेतातले मिळत नाहीत हे खरे. परंतु त्या एका गाठोड्यापायी सगळी पेटी अडकून पडावयाची. तिकडील अधिकारी पेटी उघडतात. वस्तूस धुरी द्यावयाची, ती परत पाठवावयाची की नष्ट करावयाची हे ते ठरवितात, आणि तपासणीचा व धुरीचा खर्च मालकाच्या माथी मारतात.

नाताळच्या गोठ्याचे खोके निघाले. मातीच्या भाजलेल्या मूर्तींस हरकत नव्हती. पण त्यांभोवती गुंडाळलेला पेंढा व वाळलेले शेवाळ काढून टाकावे लागले. झावळ्यांच्या रविवारच्या आशीर्वादित झावळ्या, पवित्र चित्रांमागे खोवलेल्या, त्याही निघाल्या. त्या मी माझ्याकडे घेतल्या. राखेच्या बुधवारी त्यांची राख उपयोगी पडेल. बियांच्या मण्यांची एक जपमाळ होती. अशी माळ नेणारच असाल, तर ती तेथील अधिकाऱ्यांस आपण होऊन दाखवावी, लपवू नये. गुंजांची असेल तर नेऊच नये. मुलाच्या जुन्या फुटबॉलच्या बुटांच्या तळाशी आपल्या मैदानातली लाल माती चिकटलेली होती, ती धुऊन काढण्यास धाकट्या नातवास नळावर पाठविले. तांब्याचे भाण घासून स्वच्छ केलेले होते व वाकळी उन्हात वाळविलेल्या होत्या. त्यांस कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

पाटा-वरवंट्याविषयी मात्र मतभेद झाला. दगडास बंदी नाही, फक्त त्याला माती लागलेली नसावी. मुलाला वजनाची चिंता होती. परंतु समुद्रमार्गे थोडे सामान जाते तेव्हा भाडे वजनावर नव्हे, तर पेटीने व्यापलेल्या जागेवर, म्हणजे घनमीटरवर आकारतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच एवढ्या जागेस एक घनमीटर म्हणतात. तेव्हा पेटीत पाटा असला काय आणि उशी असली काय, भाड्यात फारसा फरक नाही. विमानाची गोष्ट निराळी. तेथे वजन पाहतात, आणि वस्तू हलकी पण मोठी असेल तर एक घनमीटर जागा अदमासे १६७ किलो धरून त्याचे भाडे घेतात. म्हणजे पाटाही महाग आणि उशीही महाग. माझे हे गणित ऐकून झाल्यावर सूनबाई हळूच म्हणाली, "फादर, तिकडे तिसऱ्या मजल्यावर पाट्यावर वाटायला बसले तर खालची माणसे पोलिसांना बोलावतील." पाटा ओटीवरच राहिला.

या बाबतीत मी कोणास हसावे असा माझा अधिकार नाही. रोममधील अभ्यास संपवून मी परतलो तेव्हा पुस्तकांची दोन खोकी समुद्रमार्गे मुंबईस पाठविली होती. यादीच्या कागदावर मी मोठ्या ऐटीत एकच शब्द लिहिला, 'पुस्तके'. परंतु त्या पुस्तकांच्या मधल्या पोकळीत एक पूजापात्र, दोन जोडी बूट, कॉफी करण्याचे एक भांडे आणि एका मित्राने कोणासाठी तरी दिलेले एक बंद पुडके होते. कस्टमच्या अधिकाऱ्याने खोके उघडले व त्या पुडक्यात काय आहे असे मला विचारले. मला ठाऊक नव्हते. निघाली ती साधी लोकरीची शाल. पण 'मला ठाऊक नाही' हे उत्तर देताना झालेली लाज अजून विसरलो नाही. खोकी गोदामात पडून राहिली व तेथील भाडे चढत गेले. दोष त्या अधिकाऱ्याचा नव्हता, माझाच होता. तेव्हापासून दुसऱ्याचे बंद पुडके मी हातात घेत नाही, मग ते देणारा सख्खा भाऊ का असेना. आपल्या गावची चाल अशी की, कोणी परदेशी निघाला की दहा घरांतून दहा पुड्या येतात. त्या नाकारताना मन दुखते हे मला मान्य आहे. तरी पुडी उघडून पाहावी, आणि देणाऱ्याने उघडू दिली नाही तर परत करावी. आखातात जाणाऱ्यांनी तर मसाल्यात घातलेल्या खसखशीपासूनही सावध असावे. आपल्या घरी जी वस्तू शागुतीत पडते, ती संयुक्त अरब अमिरातीत व सौदी अरेबियात अमली पदार्थ समजली जाते आणि तीपायी माणसे तुरुंगात गेली आहेत. खोकल्याची व दुखण्याची काही औषधेही तेथे डॉक्टरांच्या कागदावाचून वा सरकारी परवानगीवाचून चालत नाहीत.

आता यादीविषयी, कारण माझ्या मते सारे बिऱ्हाड त्या एका कागदावर उभे असते. प्रत्येक खोक्यास क्रमांक द्यावा व तोच क्रमांक यादीत लिहावा. खोक्यात काय आहे, किती आहे, ते किती वर्षे वापरात आहे आणि आज त्याची खरी किंमत काय, हे सारे लिहावे. 'स्वयंपाकाचे सामान' असे लिहू नये. 'तांब्याचे भाण १, पितळी तांबे ४' असे लिहावे. खोके बंद करण्यापूर्वी फोनने त्याचे छायाचित्र घ्यावे. एक प्रत पेटीत, एक आपल्याजवळ आणि एक घरी मागे राहणाऱ्यांजवळ असावी. ऑस्ट्रेलियात बारा महिने वा अधिक काळ स्वतः बाळगलेल्या व वापरलेल्या घरसामानावर जकात माफ असते. परंतु आईने काल दिलेली वस्तू बारा महिने वापरलेली होत नाही. ती वेगळ्या ओळीत, भेट म्हणूनच लिहावयास हवी. "सगळे जुनेच म्हणून लिहिले तर काय बिघडते?" असे मुलाने विचारले. खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा केवळ कोर्टाच्या पिंजऱ्यासाठी दिलेली नाही. ती कस्टमच्या कागदालाही लागू आहे, एवढेच मी त्यास म्हणालो.

विमा उतरविताना हीच यादी लागते. यादीत जी वस्तू नाही तिची भरपाई नाही. शिवाय मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातील फूटतूट पुष्कळ वेळा विम्यात धरीत नाहीत. तेव्हा काचेची व चिनीमातीची भांडी दलालाच्या माणसांकडून भरून घ्यावी. दलालाशी बोलताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: हा आकडा कोठपर्यंतचा? बेळगावहून न्हावाशेवा बंदरापर्यंतचा, मेलबर्नच्या बंदरापर्यंतचा, की तेथील घराच्या दारापर्यंतचा? स्वस्त वाटणारा आकडा पुष्कळदा बंदरापाशीच थांबतो, आणि पलीकडची हमाली, गोदामभाडे, तपासणी व गाडीखर्च परक्या मुलुखात मोजावा लागतो. उत्तर तोंडी घेऊ नये, लिहून घ्यावे.

काही वस्तू मात्र पेटीत कधीही घालू नयेत. पारपत्रे, जमिनीचे उतारे, मुलांचे शाळेचे दाखले, लसींची पुस्तिका, डॉक्टरांचे कागद आणि सोने ही सारी हातातल्या पिशवीत असावी. समुद्रात पेटी दोनतीन महिने रेंगाळते व शाळेचा प्रवेश तिच्यासाठी थांबत नाही. याच पिशवीत स्नानसंस्काराचे, दृढीकरणाचे व विवाहाचे दाखले ठेवावे. तिकडील कॅथोलिक शाळा मुलाचा स्नानसंस्काराचा दाखला मागतात. येथे धर्मगुरू म्हणून माझी एक तक्रार नोंदवितो. लोक विमानाच्या आदल्या रात्री दाखल्यासाठी दार ठोठावतात, आणि मी कंदमुळे उकरावी तसा जुन्या नोंदवह्यांत नावे शोधीत बसतो. कारण नाव एका वहीत एक, पारपत्रात दुसरे आणि शाळेत तिसरेच असते. ते जुळवावयास वेळ लागतो. महिनाभर आधी यावे.

परदेशाहून गावी परतणाऱ्यांचे प्रश्न थोडे निराळे आहेत. कायमचे परत येणाऱ्या भारतीयास घरसामानावर जकातीची सवलत मिळते, परंतु ती तो किती काळ बाहेर राहिला यावर अवलंबून असते. २०१६ च्या नियमांत मोठी सवलत किमान दोन वर्षांच्या वास्तव्यास होती, आणि त्या दोन वर्षांत सुटीसाठी गावी काढलेले दिवसही मोजले जात. असे नियम सरकार वेळोवेळी बदलते. सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच २०१३ च्या ऑगस्टपर्यंत प्रवाशाच्या साध्या सवलतीत बसत असे. त्या महिन्याच्या अखेरीस ती सवलत गेली, आणि शेजाऱ्याने आदल्या वर्षी आणला म्हणून आपणही आणणाऱ्या कित्येकांना विमानतळावर पैसे भरावे लागले. तेव्हा चुलत भावाचा अनुभव हा नियम समजू नये. सामान बांधण्यापूर्वी त्या महिन्याचा नियम कस्टमच्या कचेरीतून अथवा त्यांच्या अधिकृत पत्रकावरून पाहावा. आणि कुवेतच्या मोठ्या दिवाणखान्यातला सोफा आपल्या खेड्यातील घराच्या दारातून आत जातो की नाही, हे आधी दोरीने मोजून घ्यावे. आमच्याकडे असा एक सोफा गेली तीन वर्षे मांडवाखाली आहे व त्यावर कोंबड्या बसतात.

यादीचे महत्त्व आमच्या मागच्या पिढीने अतिशय कठीण रीतीने पाहिले. १९९० च्या २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले; पुष्कळांच्या हातात एक पिशवी, एवढाच त्यांचा संसार. भरलेली घरे मागे राहिली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली नुकसानभरपाईसाठी एक आयोग नेमला व घरसामानाच्या हानीचेही दावे मागविले. तेव्हा ज्यांनी पावत्या, याद्या वा घराची छायाचित्रे कोठेतरी जपली होती, त्यांना आपली हानी सांगण्यासाठी हातात काही तरी होते. इतरांना केवळ आठवणीवर लिहावे लागले. बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबास सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. संत जोसेफाला रात्रीच निघावे लागले. यादी करण्यास सवड नव्हती. ज्यांना सवड आहे त्यांनी ती वाया घालवू नये.

पेटीत अजून न गेलेली एकच वस्तू होती, आणि खरे सांगावयाचे तर सारी पेटी तिच्यासाठीच होती. आतल्या खोलीत भिंतीला लागून घरचा ओरातोर उभा होता: सागवानी, शिसवी नक्षीचा, दोन दारांचा. दाराच्या आतल्या बाजूस घरमालकाची आद्याक्षरे व १९०८ हे साल कोरलेले. आत हस्तिदंताची ख्रिस्तमूर्ती असलेला वीतभर क्रूस. "ही मी मेल्यावर वाटणीत जायची नाही. धाकट्या नातवाचा पहिला ख्रिस्तप्रसाद यांच्यापुढे व्हावा, म्हणून मी देते आहे," माउली म्हणाली.

मी खाली वाकून पाहिले. पायांपाशी बारीक पिठासारखा भुसा पडला होता. लाकडाला घूण लागली होती. एवढे असते तर धुरी देऊन निभावले असते. परंतु शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू आपल्या १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्याप्रमाणे खाजगी माणसास देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही अशी शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कचेरीकडून तसा दाखला घेता येतो. येथे तर साल दारावरच कोरलेले होते. हस्तिदंत नेण्यास बंदी आहे, आणि मोठ्या शिसवी सामानास २०१७ पासून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे परवाना लागतो. हे सारे मी शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितले. मुलगा म्हणाला, "फादर, मूर्ती कपड्यांत गुंडाळून नेली तर कोण पाहतो?"

त्याचे उत्तर मी दिले नाही, त्याच्या आईनेच दिले. "चोरून नेलेल्या क्रुसापुढे त्याला गुडघे टेकायला लावू नकोस," ती म्हणाली. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर तिने ओरातोराची दोन्ही दारे लावली, पदराने कोरलेले साल पुसले आणि विचारले, "पहिला ख्रिस्तप्रसाद गावच्या मंदिरात करायचा म्हटले तर किती आधी कळवावे लागते?" मी म्हणालो, तिकडच्या धर्मगुरूंचे पत्र आणि मुलाची तयारी झाल्याचा कागद आला की पुरे, पण सुटीचे दिवस पाहून तारीख लवकर ठरवा.

ट्रक सोमवारऐवजी गुरुवारी आला. प्लायवुडच्या दोन खोक्यांत तेवीस ओळींचे सामान गेले. यादी सूनबाईने लिहिली होती, अक्षर स्वच्छ. बाविसावी ओळ होती 'वाकळी ३, सासूबाईंनी शिवलेल्या, भेट'. पवित्र पाणी मी त्याच दिवशी शिंपडले.